झेंड्याच्या कोपऱ्यातलं कुंकू

आमच्या गावच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक झेंडा आहे आणि त्या झेंड्याच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. तो रक्ताचा आहे असं मी वर्षानुवर्षं शाळेच्या मुलांना सांगत आले. झेंडा धरणारा पोरगा पडला, त्याचं हे रक्त. हे वाक्य आवाज खाली आणून म्हणायचं आणि मग जरा थांबायचं, असं मला शिकवलेलं होतं. मुलं गप्प होत. मागच्या जुलैपासून मी ते वाक्य म्हणत नाही. का म्हणत नाही ते सांगते. पण मी रागावलेली आहे हे आधीच सांगून ठेवते, आणि लिहून राग उतरेल अशी माझी अपेक्षा नाही.

गाव न्यू जर्सीतलं, पिस्कॅटवेपासून गाडीने अर्ध्या तासावर. एके काळची शेतं जाऊन आता ऑफिसं झाली आहेत आणि त्यांच्यामध्ये एक दगडी घर अडकून पडलंय, तेच संग्रहालय. मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा नवऱ्याने गोल्फ धरला आणि मी हे घर धरलं. आयुष्यभर बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिले होते. त्यातलं एकही काम हातात धरून कुणाला दाखवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मला आता जुन्या, खऱ्या, धूळ बसलेल्या वस्तू हव्या होत्या. गावाचं इतिहास मंडळ ते घर चालवतं आणि त्यांना फुकट राबणारी माणसं लागतात. पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं, की मी मसाल्यांच्या व्यापाराबद्दल बोलणार का. मी म्हटलं, नाही, मी झेंड्यांबद्दल बोलणार.

झेंड्यांची गोष्ट मला मनापासून आवडली, कारण ती रागाची गोष्ट आहे. इंग्रजांच्या राजाविरुद्ध बंड झालं तेव्हा या देशाला एक झेंडा नव्हता, कारण देशच नव्हता. गावागावात मिलिशिया होत्या, म्हणजे गावकऱ्यांच्या पलटणी. लोहार, शेतकरी, पिंपं बनवणारे, खानावळवाले. ठरलेल्या दिवशी मैदानात जमायचे, घरची बंदूक आणायचे, कवायत करायचे आणि परत गोठ्यात जायचे. (इथे आपल्या प्रत्येक मंडळातल्या वक्त्याला मावळे आठवतात. मलाही आठवले होते, मी गप्प बसले.) प्रत्येक पलटण आपापला झेंडा करायची. ज्याला जे म्हणायचं ते तो कापडावर काढायचा. कुणी ढगातून बाहेर आलेला चिलखती हात काढला, हातात तलवार. कुणी नुसती चंद्रकोर काढली. कुणी पाइनचं झाड काढलं आणि वर 'आता दाद देवाकडे' असं लिहिलं, त्याचीही गोष्ट आहे. रानातल्या उंच, सरळ पाइनांवर राजाची माणसं कुऱ्हाडीने खूण करून जायची: हे झाड राजाच्या जहाजाच्या डोलकाठीसाठी. झाड तुमच्या जमिनीत, सावली तुमच्या अंगणात आणि खूण राजाची. माणसं पेटणार नाहीत तर काय.

आणि तो पिवळा झेंडा, वेटोळं घातलेल्या सापाचा. तो आता आमच्या भागात अर्ध्या ट्रकांच्या मागे असतो. 'माझ्यावर पाय देऊ नका' असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. तो साप खुळखुळ्या. शेपटीला खुळखुळा, त्याला तेरा कड्या, तेरा वसाहतींच्या. त्याला पापण्या नाहीत, म्हणून तो सदा जागा. स्वतःहून चावत नाही, आधी वाजवून इशारा देतो, पण डिवचलं तर माघार घेत नाही. इतका समजूतदार साप ज्याच्या गाडीवर, तोच माणूस सिग्नलला मला हॉर्न मारून जातो आणि वर खिडकीतून काहीतरी ओरडतो. मला दर वेळी वाटतं, उतरावं आणि त्याला त्याचाच साप समजावून सांगावा.

एक गोष्ट मात्र मला सांगू दिली जात नसे. बंडवाल्यांच्या अगदी सुरुवातीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झेंड्यासारखाच, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा आपल्याकडे राज्य करून गेलेल्या त्या कंपनीच्या जहाजांवर असायचा. बॉस्टनच्या बंदरात लोकांनी जो चहा पाण्यात फेकला, तो त्याच कंपनीचा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. यांचं आणि आपलं भांडण एकाच दुकानदाराशी होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी ती ऐकून म्हटलं, की इंटरेस्टिंग आहे, पण मुलं गोंधळतील. इथे 'इंटरेस्टिंग' म्हणाले की समजावं, विषय संपला.

हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य, उंच, नेहमी इस्त्रीचा शर्ट, वागायला अतिशय गोड. त्यांचे पूर्वज आमच्या गावच्या पलटणीत होते असं ते सांगतात. आमच्या पेटीतला झेंडा याच पलटणीचा. कधी काळी निळा असलेला, आता फार उकळलेल्या चहाच्या रंगाचा रेशमी झेंडा, मधोमध एक झाड, खाली इंग्रजीत एकच शब्द: लिबर्टी. झाड पाइनचं म्हणतात, पण काढणाऱ्याने फांद्या अशा पसरवल्यात की मला ते पहिल्यापासून आंब्याचं वाटतं. झेंड्याचे तीन कोपरे नाहीत. त्या काळी आणि पुढेही लोक आठवण म्हणून झेंड्याचे तुकडे कापून घरी नेत, आणि तशी कात्री आमच्या झेंड्यालाही लागलेली आहे. त्यातला एक तुकडा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर सोनेरी चौकटीत लावलेला आहे. नाताळच्या पार्टीला मी तो पाहिला. चौथा कोपरा शाबूत आहे आणि डाग त्याच कोपऱ्यात आहे.

देशाला अडीचशे वर्षं होणार म्हणून चार जुलैच्या मिरवणुकीत आपल्या पलटणीचा झेंडा पुन्हा फडकवायचा, असं मंडळाने ठरवलं. जुना तर पेटीतून काढता येत नाही, म्हणून त्याची प्रतिकृती शिवायची. कोण शिवणार म्हणताच बैठकीत सगळे आपापल्या कॉफीकडे बघायला लागले. मी हात वर केला.

हिवाळाभर शिवला. माझी आई सांगलीला ब्लाउज शिवायची, तिच्या हाताखाली मी तुरपाई शिकले होते, ते असं उपयोगी पडलं. झेंडा म्हणजे चादर नव्हे. रेशीम एकेरी घेतलं तर अक्षरं मागच्या बाजूने उलटी दिसतात, म्हणून दोन थर घ्यावे लागतात, दोन्हीकडे वेगळी अक्षरं लावावी लागतात आणि एका बाजूचे टाके दुसऱ्या बाजूला येऊ द्यायचे नसतात. मूळ झेंड्यावर झाड रंगवलेलं आहे. मला रंगवता येत नाही, म्हणून मी हिरव्या-तपकिरी रेशमाचे तुकडे कापून, कडा दुमडून, एकेक पान टाकून झाड उभं केलं. अध्यक्षांना विचारलं होतं, चालेल का. ते म्हणाले, चालेल, भावना महत्त्वाची. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी शिवत असताना माझ्या सासूबाई समोर बसलेल्या असत. त्या नव्वदीकडे झुकलेल्या, आमच्याकडे राहतात. मी त्यांना आईच म्हणते. डोळ्यांना कमी दिसतं, पण हाताला सगळं समजतं. मी पान लावलं की त्या बोट फिरवून सांगत, इथे टाका वर आलाय. कसलं निशाण, कुणाचं, कुणाशी लढले, सगळं विचारून घेतलं. खाली काय लिहिलंय म्हणाल्या. मी म्हटलं, स्वातंत्र्य. बरं, म्हणाल्या आणि पुन्हा बोट फिरवायला लागल्या.

आईंबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे नवीन कपड्याची घडी मोडायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात. साडी असो, परकर-पोलकं असो, नवऱ्याचा कोट असो. आमच्या घरात तर नवीन फ्रिजलाही लागलेलं आहे. सासरे गेले त्या दिवसापासून आईंनी ते बोट कशालाही लावलं नाही. साताऱ्याच्या घरी कुणा शहाण्या नातेवाईक बाईने त्यांच्या समोरचा करंडा उचलून आत नेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी नवी होते, मूग गिळून बसले. पुढे इकडे आल्यावर मात्र मी भांडले. समजावलं, पुस्तकातलं वाचून दाखवलं, एकदा तर चक्क ओरडले. त्या हसायच्या. "तुझं खरं असेल गं, पण हात उचलत नाही," म्हणायच्या. नातीचा लग्नातला शालू आला तेव्हा कौतुकाने मांडीवर घेऊन बसल्या, पण बोट लावायची वेळ आली तशी शालू माझ्याकडे सरकवला: तू लाव. नवी गाडी आली तेव्हा गॅरेजच्या दाराआड उभ्या राहिल्या, आपली सावली पडू नये म्हणून. त्या सावलीचा मला आजही संताप येतो.

झेंडा पुरा झाला तेव्हा बाहेर बर्फ वितळत होता. शेवटचा टाका घालून दोरा तोडला, इस्त्री फिरवली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेले. चहा घेऊन परत येते तर आई टेबलाशी उभ्या. देव्हाऱ्यातला करंडा उघडा, अनामिका लाल. झेंड्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं ओलं बोट, आणि निळ्या रेशमात ते हळूहळू पसरत होतं.

मला बघून त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "निशाण आहे. घडी मोडायच्या आधी लावावं." आणि जरा थांबून, "त्या झाडाला काय ठाऊक, मी कोण ते."

काही बोलले असते तर रडले असते आणि मग त्यांना वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकलं. चहा दिला. त्या दिवशी त्यांनी चहात दोनदा बिस्किटं बुडवून खाल्ली आणि दुपारी झोपल्या नाहीत. सातारच्या गप्पा सांगत राहिल्या. इतक्या वर्षांत जे माझ्या भांडण्याने झालं नव्हतं, ते एका परक्या पलटणीच्या झेंड्याने केलं होतं. तो डाग पुसायचं माझ्या मनातही आलं नाही. नव्या कपड्याला कुंकू असणारच, त्यात विचार कसला करायचा. मी तसाच झेंडा नेऊन दिला.

आठवड्याने अध्यक्षांचा फोन आला. काम अप्रतिम आहे, फक्त एका कोपऱ्यात डाग दिसतोय. जेवणातलं काही सांडलंय का, असं त्यांनी विचारलं. 'जेवणातलं' म्हणताना त्यांच्या आवाजात जी खास सभ्यता आली, ती मी ओळखते. ऑफिसात माझा डबा उघडला की यायची. मी म्हटलं, सांडलेलं नाही, लावलेलं आहे, आणि समजवायला मी स्वतः गेले.

समजावलं. आईंचं सगळं सांगितलं, जे मी मैत्रिणींनाही सांगत नाही तेसुद्धा. त्यांनी मान हलवत ऐकलं. फार सुंदर प्रथा आहे म्हणाले. इंटरेस्टिंग म्हणाले. तिथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग म्हणाले, पण प्रतिकृती मुळाबरहुकूम हवी. मी म्हटलं, मूळ झेंड्याच्या त्याच कोपऱ्यात डाग आहे. ते म्हणाले, तो रक्ताचा आहे. मी विचारलं, तपासलाय कुणी? ते म्हणाले, घराण्यातून सांगत आलेत. म्हणजे त्यांच्या घराण्यातून सांगत आलेला डाग इतिहास आणि माझ्या घराण्यातून लावत आलेलं कुंकू म्हणजे सांडलेली आमटी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी हे मराठीत म्हटलं आणि त्याचा अर्थ सांगितला नाही.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला: सार्वजनिक झेंड्यावर धार्मिक खूण बरी नव्हे. मी म्हटलं, तुमच्या त्या काळच्या झेंड्यांवर ढगातून हात येतो तो कुणाचा? पाइनच्या झेंड्यावर दाद मागितली आहे ती कुणाकडे, कोर्टाकडे? ते हसले. ड्रायक्लीन करून बघू या का म्हणाले. मी म्हटलं, झेंडा जसा आहे तसा जाईल, नाहीतर मला परत द्या, माझ्या घरावर लावते. मग उठून त्यांनी हात पुढे केला.

"जसा आहे तसा जाईल. माझा शब्द," ते म्हणाले.

मी हात मिळवला. घरी येऊन आईंना सांगितलं, तुमचं बोट चार जुलैला गावभर फिरणार. त्यांनी तोंडावर पदर घेतला. पुढे रोज विचारायच्या, किती दिवस राहिले.

मध्यंतरी आपल्या माणसांनीही आपलं कर्तव्य केलं. आपल्या मराठी मंडळाचा कार्यवाह, नागपूरचा, आयटीतला, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला गुणी मुलगा, घरी आला. अध्यक्ष त्याला कुठेतरी भेटले होते म्हणे. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, "काकू, प्लीज इश्यू नका करू ना. गणपतीला शाळेचं जिम आपल्याला त्यांच्याच ओळखीने मिळतं. उद्या कॅन्सल केलं तर?" त्याच्या भीतीचा मला राग आला, आणि ती भीती खरी आहे याचा जास्त आला. त्याला लाडू दिले आणि पाठवून दिलं. टेक्सासमधल्या अर्विंगहून मुलीचा फोन आला, तिला बाबांनी सांगितलं असणार. "आई, इट्स अ स्टेन. पिक युअर बॅटल्स," ती म्हणाली. लढाईचा झेंडा शिवणाऱ्या बाईला हे सांगायला माझीच मुलगी हवी होती.

चार जुलैला ऊन रणरणत होतं. आम्ही लवकर जाऊन मेन स्ट्रीटच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडल्या. आई ठेवणीतलं पातळ नेसल्या होत्या, डोक्याला नातीची बेसबॉल टोपी. बँड गेला, बंब गेला, शाळेतली मुलं गेली. मग त्या काळच्या तिकोनी टोप्या घातलेली, मंडळाच्या माणसांची आमची पलटण आली आणि पुढे स्वतः अध्यक्ष, हातात काठी, काठीला माझा झेंडा. वारा होता. निळं रेशीम असं सुटलं होतं की आजूबाजूची माणसं आपसूक उठून उभी राहिली. माझंही मन भरून आलं, ते मी नाकारत नाही. झाड छान दिसत होतं.

मग झेंडा वळला आणि मला कोपरा दिसला. कोपरा नव्हता. जिथे कुंकू होतं तिथून तिरकी कात्री मारून कापड काढून टाकलं होतं आणि कडेला मशीनची शिलाई घातली होती, दोरासुद्धा वेगळ्या निळ्या रंगाचा. तिकोनी टोपीखालून अध्यक्षांनी मला पाहिलं आणि हात हलवला.

आईंनी माझा दंड धरला होता. "दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं. "मला नुसतं निळं दिसतंय. माझं बोट दिसतंय का?"

हो म्हणता आलं असतं. त्यांना दिसत नव्हतं, कुणी सांगणारही नव्हतं. पण त्या क्षणी मला इतका संताप आला होता की खोटं बोलायला जी थोडी शांतता लागते ती माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, कापलं त्यांनी.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. माझ्यासारख्या त्या रागावल्या असत्या तर मला चाललं असतं. त्यांनी अध्यक्षांना दोष दिला नाही, या देशाला दिला नाही. हात मांडीवर उपडे ठेवले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणून मी म्हणत असते, तू लाव."

बँड वाजतच होता. पुढे काय काय गेलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दगडी घरात गेले. अध्यक्ष खुशीत होते, वर्तमानपत्रात फोटो येणार होता. मी विचारलं, शब्दाचं काय झालं? ते म्हणाले, समितीत काही जणांना बरं वाटत नव्हतं, आणि कोपरा तेवढासाच होता, लांबून कळलंही नाही. मुळातही कोपरे कापलेलेच आहेत, त्या अर्थाने प्रतिकृती जास्तच अस्सल झाली. हे त्यांनी हसत म्हटलं. आपण विनोद केला असं त्यांना खरोखर वाटलं.

मी विचारलं, कापलेला तुकडा कुठे आहे. ते बुचकळ्यात पडले. कुठला तुकडा? मग म्हणाले, मशीनवर शिलाई घालून देणाऱ्या बाईने टाकून दिला असेल, ठेवायचा होता का? ज्यांच्या पणजोबाच्या पणजोबाने कापलेली चिंधी सोनेरी चौकटीत शेकोटीवर टांगलेली आहे, त्या माणसाने मला हे विचारलं. मी त्यांना शेकोटीची आठवण करून दिली. ते एकदम लाल झाले आणि म्हणाले, ती गोष्ट वेगळी. मी म्हटलं, हो, तेच तर.

मी काम सोडणार असं सगळ्यांना वाटलं. नवऱ्यालाही वाटलं, त्याने माझ्यासाठी गोल्फचे बूट बघून ठेवले. मी सोडलं नाही. सोडून गेलेल्या बाईबद्दल फार इंटरेस्टिंग होती असं म्हणायला ते मोकळे झाले असते. पुढच्या आठवड्यात उन्हाळी शिबिराची मुलं आली. मी पेटीजवळ उभी राहिले. अध्यक्ष दाराशी उभे होते, ते हल्ली असतात. लोहार सांगितले, शेतकरी सांगितले, राजाची कुऱ्हाड सांगितली, आणि पट्ट्यांच्या झेंड्याची, चहावाल्या कंपनीचीही गोष्ट सांगितली. कुणीही गोंधळलं नाही. मग एका मुलीने बोट दाखवून विचारलं, हे काय आहे?

मी आवाज खाली आणला नाही. म्हटलं, हा डाग आहे. कशाचा आहे कुणाला माहीत नाही, कुणी तपासलेला नाही. रक्त असेल, दारू असेल, कुणाच्या तरी हाताचं काहीतरी असेल. एवढं मात्र दिसतं, की या झेंड्याला ज्यांनी ज्यांनी कात्री लावली, त्यांनी हा कोपरा सोडून बाकीचे कापले. हा डाग कापावा असं त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मुलांना ते रक्ताइतकं आवडलं नसावं, ती पुढच्या तोफेकडे पळाली. दाराशी मात्र कुणी हललं नाही.

त्या निळ्या रेशमातलं वीतभर कापड माझ्याकडे उरलं होतं. मी त्याच्या चारी बाजूंना तुरपाई घातली, मध्ये एक लहानसं झाड लावलं, यावेळी मुद्दाम आंब्याचंच. इस्त्री करून घडी घातली आणि आईंसमोर ठेवली. शेजारी करंडा ठेवला, झाकण काढून. त्यांनी कापडावर बोट फिरवलं, टाके तपासले, छान झालंय म्हणाल्या. मग चाचपून झाकण शोधलं, करंड्यावर बसवलं आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. काही बोलल्या नाहीत, पण मला ते शब्द पाठ आहेत.

मी लावलं नाही. ते कापड अजून देव्हाऱ्यात आहे, घडी न मोडलेलं, करंड्याच्या शेजारी.